गाठीचा रिपोर्ट आणि आयुष्याचा आकडा

मेंदूतल्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट पंचवीस वर्षांपूर्वी चार-सहा ओळींत आटपायचा. पेशी कशा दिसल्या, ग्रेड किती, खाली सही. आता त्याला दुसरं पान लागतं. आयडीएच निगेटिव्ह की पॉझिटिव्ह, एटीआरएक्स शाबूत की गेलेलं, १पी/१९क्यू, एमजीएमटी, टर्ट: गाठीतल्या जनुकांची आणि गुणसूत्रांच्या तुकड्यांची ही नावं. रुग्णाचा मुलगा त्या पानाचा फोटो काढून ओळखीतल्या कुठल्यातरी डॉक्टरला पाठवतो आणि खाली एवढंच लिहितो: 'म्हणजे किती दिवस?'

हा प्रश्न विचारण्यात काही चूक नाही. पण रिपोर्ट त्याचं उत्तर देतो, अशी जी समजूत झाली आहे ती मोडायला हवी. शिवाय आणखी दोन गोष्टी ठरवायला हव्यात. या चाचण्यांपैकी कुठल्या कुणाच्या पैशाने करायच्या, आणि त्यातून निघणारा अंदाज आधी कुणाला सांगायचा. माझं मत असं की मोजक्या, निर्णय बदलणाऱ्या चाचण्या सरकारी रुग्णालयातही मोफत झाल्या पाहिजेत. आणि अंदाज नातेवाइकांच्या हाती देण्याआधी रुग्णाला विचारलं गेलं पाहिजे. पहिल्या मागणीला फारसं कुणी विरोध करणार नाही, पैसे कुठून आणायचे एवढंच विचारतील. दुसरीवरून मात्र घरोघरी वाद होईल.

आधी आकड्याबद्दल. प्रौढांच्या मेंदूतच सुरू होणाऱ्या घातक गाठींमध्ये ग्लिओब्लास्टोमा सर्वांत जास्त आढळते. २००५ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात तिच्यावर दोन निबंध आले. पहिला युरोप आणि कॅनडातल्या ५७३ रुग्णांवरचा. नुसता शेक, म्हणजे रेडिएशन, घेतलेल्यांचं मध्यक आयुष्य १२.१ महिने भरलं. शेकाबरोबर टेमोझोलोमाइडच्या गोळ्या घेतलेल्यांचं १४.६ महिने. फायदा अडीच महिन्यांचा, पण या आजारात तेवढाही थोडा नव्हता. दुसरा निबंध त्यातल्याच २०६ रुग्णांच्या गाठीतल्या एका जनुकावर होता: एमजीएमटी.

हे जनुक काय करतं ते समजून घेण्यासारखं आहे. टेमोझोलोमाइड पेशीच्या डीएनएवर एक छोटा रासायनिक गट चिकटवतं. त्यामुळे डीएनए बिघडतो आणि पेशी मरते. एमजीएमटी जनुकापासून बनणारं प्रथिन नेमका तोच गट काढून टाकतं. औषधाने पाडलेलं भगदाड रातोरात बुजवणारा हा गवंडी. काही रुग्णांच्या गाठीत या जनुकाचा सुरुवातीचा भाग मेथिलेशनने, म्हणजे एका रासायनिक शिक्क्याने, बंद झालेला असतो. मग प्रथिन बनत नाही, भगदाड तसंच राहतं, औषध लागू पडतं. त्या अभ्यासात सुमारे ४५ टक्के गाठी अशा निघाल्या.

शेक आणि गोळ्या दोन्ही मिळालेल्या रुग्णांपैकी ज्यांचं जनुक बंद होतं, त्यांतले ४६ टक्के दोन वर्षांनी हयात होते. ज्यांचं चालू होतं, त्यांतले १३.८ टक्के. फरक मोठा आहे. त्यामुळेच 'एमजीएमटी चांगला आलाय' हे वाक्य आज ओपीडीच्या बाहेरही ऐकू येतं. पण तेच आकडे उलटे वाचून पाहा. 'चांगल्या' गटातल्या शंभरांपैकी चोपन्न जण दोन वर्षं पुरी करू शकले नाहीत. 'वाईट' गटातल्या शंभरांपैकी जवळजवळ चौदा जणांनी ती केली. आपला माणूस त्या चोपन्नांतला की या चौदांतला, हे रिपोर्ट सांगत नाही, सांगूही शकत नाही. मार्कर, म्हणजे गाठीतली अशी जनुकीय खूण, माणसांचे गट पाडतो. गटाच्या आत कोण कुठे उभा आहे, यावर तो मौन पाळतो.

मध्यक म्हणजे निम्मे त्याच्या आधी गेले आणि निम्मे नंतर. घरात शिरताना मात्र त्याची एक्स्पायरी डेट होते. 'पंधरा महिने दिलेत' असं लोक म्हणतात, जणू कुणी हातात मोजून दिलेत. पंधरावा महिना उलटला की त्याच घरात डॉक्टरांबद्दल शंका सुरू होते, आणि सहाव्याच महिन्यात काही झालं की त्याहून मोठी.

आकड्यांबद्दल सावध राहायला दुसरंही कारण आहे. ज्या नावाखाली आकडा मोजला, ते नावच बदलतं. आयडीएच-१ जनुकातला बदल २००८ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने ग्लिओब्लास्टोमात शोधला. पुढच्याच वर्षी दिसलं की हा बदल असलेल्या ग्लिओब्लास्टोमाच्या रुग्णांचं मध्यक आयुष्य ३१ महिने, नसलेल्यांचं १५. एवढी तफावत असेल तर हा आजार एक कसा? शेवटी २०२१ च्या वर्गीकरणात जागतिक आरोग्य संघटनेने आयडीएच बदललेल्या गाठींना ग्लिओब्लास्टोमा म्हणणंच थांबवलं. त्या आता ग्रेड ४ चा अ‍ॅस्ट्रोसायटोमा. उलटही घडतं. सूक्ष्मदर्शकाखाली सौम्य, ग्रेड २ ची वाटणारी गाठ. पण आयडीएच मूळ रूपात आणि टर्टमध्ये ठरावीक बदल सापडला, तर तिला आज ग्लिओब्लास्टोमाच म्हणायचं. म्हणजे २०१५ सालची फाईल घेऊन आलेल्या माणसाच्या आजाराचं नाव त्याच्या गाठीत काहीही न घडता बदललेलं असू शकतं.

ऑलिगोडेन्ड्रोग्लिओमा या मेंदूच्या आणखी एका गाठीची गोष्ट याहून बोलकी आहे. त्यात १पी आणि १९क्यू हे गुणसूत्रांचे दोन तुकडे एकदमच गळालेले असतात. शेकाच्या जोडीला तीन औषधांची किमो द्यावी का, हे पाहायला उत्तर अमेरिकेत १९९४ मध्ये एक चाचणी सुरू झाली. २००६ साली निकाल आला: आयुष्य वाढत नाही. तिथेच थांबले असते तर किमो बाद झाली असती. पण रुग्णांचा मागोवा घेणं चालू राहिलं, आणि २०१३ साली दिसलं की दोन्ही तुकडे गळालेल्या रुग्णांत शेक आणि किमो मिळालेल्यांचं मध्यक आयुष्य १४.७ वर्षं होतं, नुसता शेक मिळालेल्यांचं ७.३. आयुष्य दुप्पट, पण हा फायदा दिसायला जवळजवळ वीस वर्षं लागली. आज आपण ज्या आकड्यांवर बोलतो ते सगळे असेच मागच्या काळातल्या, मागच्या उपचारांवरच्या माणसांचे आहेत.

आणि दुसरीकडच्या माणसांचेही. २००५ च्या त्या चाचणीत १८ ते ७० वयाचे, बऱ्यापैकी हिंडते-फिरते रुग्ण घेतले होते. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांत शेक सुरू, तीस बैठका, त्या काळात रोज गोळी, मग सहा महिने पाच-पाच दिवसांची गोळ्यांची फेरी. १४.६ महिने हे एवढं सगळं वेळेवर मिळण्याच्या वाटेवर आहेत. आपल्याकडे गडचिरोली किंवा नंदुरबारहून निघालेल्या माणसाचा शेकाला नंबर कधी लागेल, तोवर तो कुठल्या धर्मशाळेत राहील, रक्तातल्या पेशी कमी झाल्या म्हणून थांबवलेली गोळी पुन्हा सुरू करायला परत येईल की गावीच राहील, यावर त्याचे महिने ठरतात. जनुकाला यातलं काही ठाऊक नसतं.

खरं तर मार्करची गोष्ट प्रयोगशाळेत सुरूच होत नाही, ती फॉर्मॅलिनच्या, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावाच्या, बाटलीत सुरू होते. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी गाठ काढली, तुकडा बाटलीत टाकला. फॉर्मॅलिन नीट बफर केलेलं नसेल, तुकडा त्यात दिवसेंदिवस पडून राहिला, तर डीएनए तुटतो. नंतर त्याचा मेणाचा ब्लॉक होतो: पांढुरकं मेण, मध्ये करडा ठिपका. तो ब्लॉक आणि चार स्लाइड कागदात गुंडाळून, पिशवीत घालून नातेवाईक रात्रीच्या गाडीने मुंबईला आणतात. दोन-तीन आठवड्यांनी कळतं, 'नमुना चाचणीयोग्य नाही'. दुसरा तुकडा आणायचा तर पुन्हा कवटी उघडायची. म्हणून मोफत चाचण्यांच्या घोषणेआधी माझी मागणी अगदी किरकोळ वाटेल अशी आहे. मेंदूची ऑपरेशनं होतात त्या प्रत्येक ठिकाणी नीट बनवलेलं फॉर्मॅलिन असावं आणि तुकडा बाटलीत किती वाजता पडला याची नोंद असावी.

आता कुठल्या चाचण्या. आयडीएचच्या सर्वांत सामान्य बदलासाठी अँटिबॉडीचा रंग चढवून एक स्लाइड पाहिली की काम भागतं. आयडीएचचे नऊ-दशांशाच्या आसपास बदल तिथेच सापडतात. ही काही महागडी यंत्रणा नाही, बऱ्या पॅथॉलॉजी विभागात होते. रुग्ण पंचावन्नच्या पुढचा, गाठ सूक्ष्मदर्शकाखाली सरळसरळ ग्लिओब्लास्टोमा आणि ही स्लाइड निगेटिव्ह, तर बहुतेक वेळा पुढे जनुकाचा क्रम वाचायची गरज उरत नाही. वय कमी असेल तर मात्र वाचायला हवा. आयडीएच बदललेला आणि एटीआरएक्स गेलेलं, तर गाठ ऑलिगोडेन्ड्रोग्लिओमा नाही हे कळतंच, १पी/१९क्यूवर खर्च करायचं कारण नाही. अशी पायरी-पायरीने जाणारी पद्धत जगभर मान्य आहे, आणि गरीब देशासाठी तर ती वरदानच. सरकारी योजनांचे दर ऑपरेशन, किमो, शेक अशा पॅकेजांनी ठरतात. ही पायऱ्यांची तपासणी ऑपरेशनच्या पॅकेजचाच भाग धरावी. निदान कळल्याशिवाय केलेल्या उपचाराला पैसे द्यायचे आणि निदानाला नाही, हा हिशेब उलटा आहे.

एमजीएमटीवर माझं मत अनेकांना रुचणार नाही. वयस्कर रुग्णांत ही चाचणी निर्णय बदलते. जर्मनी-स्वित्झर्लंडमधल्या आणि नॉर्डिक देशांतल्या दोन चाचण्यांनी २०१२ साली दाखवलं की सगळे उपचार झेपणार नाहीत अशा म्हाताऱ्या माणसाचं जनुक बंद असेल तर नुसत्या गोळ्या देता येतात. चालू असेल तर गोळ्यांपेक्षा शेक बरा. सत्तरीच्या आजोबांना रोज गाडीतून शेकाला न्यायचं की घरी गोळी द्यायची, एवढा थेट फरक. पण चाळिशीच्या रुग्णात निकाल काहीही आला तरी बहुतेक डॉक्टर शेक आणि गोळ्या दोन्ही देतात, कारण हाताशी याहून बरं काही नाही. तिथे ही चाचणी अंदाज सांगते, उपचार बदलत नाही. शिवाय वेगवेगळ्या पद्धतींत 'बंद' कशाला म्हणायचं याच्या रेषा वेगळ्या, मधला करडा पट्टा वेगळाच. सरकारी पैसा अपुरा असेपर्यंत मी मोफत यादीत एमजीएमटीला वयाची अट घालीन, आणि त्यावरून शिव्या खायची तयारी ठेवीन.

खाजगीत विकल्या जाणाऱ्या शेकडो जनुकांच्या मोठ्या पॅनेलबद्दल मात्र मला शंका नाही. ते सरसकट करू नयेत. सोनं गहाण टाकून केलेल्या तपासणीच्या पंचवीस पानांत ग्लिओब्लास्टोमाच्या बहुतेक रुग्णांना लागू पडणारं औषध सापडत नाही. अपवाद आहेत. बीआरएएफ या जनुकातला एक विशिष्ट बदल सापडला तर गोळ्या आहेत. आयडीएच बदललेल्या ग्रेड २ च्या गाठीवर व्होरासिडेनिब हे औषध आलं. २०२३ च्या चाचणीत त्याने आजार वाढण्यापूर्वीचा मध्यक काळ ११.१ महिन्यांवरून २७.७ महिन्यांवर नेला आणि २०२४ मध्ये अमेरिकेने परवानगी दिली. पण त्यासाठी आयडीएच कळणं पुरतं, पाचशे जनुकं वाचावी लागत नाहीत. मोठं पॅनेल सुचवायचं तर ते ट्यूमर बोर्डाने, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीने, सुचवावं, कंपनीच्या प्रतिनिधीने दिलेल्या पत्रकाने नव्हे.

चांगला मार्कर हाती आला तरी घाई किती महागात पडते, याचं उदाहरण मुंबईतच आहे. मुलांमधल्या मेड्युलोब्लास्टोमा या मेंदूच्या गाठीचे आता चार रेणवीय गट मानतात. मेणाच्या ब्लॉकमधूनच हे गट ओळखायची पद्धत टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या संशोधन केंद्रात, अ‍ॅक्ट्रेकमध्ये नीलम शिरसाट यांच्या गटाने विकसित केली आणि २०१३ साली मांडली. यातल्या डब्ल्यूएनटी गटाची मुलं उत्तम जगतात, पाच वर्षांनी नव्वद टक्क्यांहून अधिक. मग या मुलांना डोकं आणि पूर्ण मणक्याचा शेक का द्यायचा? त्याने उंची खुंटते, बुद्धीवर परिणाम होतो, संप्रेरकं बिघडतात. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मोजक्या मुलांत हा मोठा शेक वगळून नुसत्या गाठीच्या जागेला शेक देऊन पाहिला. मेंदू-मणक्याच्या इतर भागांत आजार इतक्या प्रमाणात उलटला की अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला, आणि २०२२ मध्ये त्यांनी हे अपयश स्वतःच प्रसिद्ध केलं. मला या निबंधाबद्दल फार आदर वाटतो. ती मुलं चांगली जगत होती ती मार्कर चांगला म्हणून, आणि पूर्ण शेक मिळत होता म्हणूनही. यातला दुसरा भाग कुठल्याही जनुकाच्या रिपोर्टात छापलेला नसतो.

आता वादाचा मुद्दा. ओपीडीत मुलगा आधी एकटा आत येतो. 'डॉक्टर, अण्णांना काही सांगू नका, ते खचतील.' बाहेर बाकावर अण्णा बसलेले. डॉक्टर मान हलवतात, कारण रांग मोठी आहे आणि कारण नियमही त्यांना अडवत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत अंदाजाबद्दल कलम आहे: गांभीर्य वाढवून सांगू नये, कमी करूनही सांगू नये, आणि रुग्णाला, त्याच्या नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना पुरेशी कल्पना असेल हे पाहावं. त्या 'किंवा'तून अण्णा सहज बाहेर राहतात.

मुलाला मी दोषी मानत नाही. आपल्याकडे आजार एकट्याचा नसतो. शेत विकायचं की नाही हे घर ठरवतं, रात्री जागायला बायको, सून, पुतण्या असतात. 'ज्याचं शरीर त्याचाच हक्क' हे सूत्र जसंच्या तसं आणून चिकटवलं तर ते घराला परकं वाटेल. काही माणसांना खरोखरच कळून घ्यायचं नसतं, आणि तोही त्यांचा हक्क आहे. म्हणून मी 'सांगा' म्हणत नाही, 'विचारा' म्हणतो. 'तुमचा रिपोर्ट आलाय. तुम्हाला सगळं ऐकायचंय, की मुलाशी बोलू?' अण्णा म्हणाले 'पोराशी बोला', तर मुलाशी बोलावं. विचारायला अर्धं मिनिट लागतं.

पोटाच्या किंवा फुप्फुसाच्या कर्करोगात 'पुढे बघू' म्हणून ही गोष्ट ढकलली तरी बहुतेकदा माणूस शेवटच्या आठवड्यांपर्यंत शुद्धीत, भानावर असतो. मेंदूच्या गाठीत तसं नाही. आधी शब्द सापडेनासे होतात, मग हिशेब, मग कधी स्वभावच बदलतो. निर्णय घ्यायची ताकद जीवाच्या बरीच आधी जाऊ शकते. तिथे 'नंतर सांगू' याचा अर्थ कधीच न सांगणं. बँकेत सही जुळत नाही, सातबाऱ्यावरचं नाव बदलायचं राहतं, भावाशी दहा वर्षं धरलेला अबोला सोडायचा राहतो, आणि व्हेंटिलेटरवर ठेवायचं की नाही हे शेवटी चार नातेवाईक कॉरिडॉरमध्ये एकमेकांकडे बघत ठरवतात. आपण भानावर नसू तेव्हा कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली, २०२३ मध्ये त्याची किचकट प्रक्रिया सोपी केली. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवून सुरुवात करून दिली. पण आपल्याला काय झालंय हेच ज्याला माहीत नाही, तो इच्छापत्रात काय लिहिणार?

जाता जाता एक भीती काढून टाकायला हवी, कारण तिच्यामुळेही रिपोर्ट लपवले जातात. 'जीनची टेस्ट' म्हटलं की घरात धाकटीच्या लग्नाची चिंता सुरू होते. वर सांगितलेले बदल बहुतांश रुग्णांत फक्त गाठीच्या पेशींत झालेले असतात. ते बापाकडून आलेले नसतात आणि मुलीकडे जाणार नसतात. घराण्यातून येणारे विकार आहेत, पण दुर्मीळ, आणि त्यांची खूण सहसा इतर नातेवाइकांतल्या आजारांतून, लहान वयातल्या कर्करोगांतून मिळते. हे दोन वाक्यांत रिपोर्टावरच छापता येईल, मराठीत.

विचारायची वेळ कुठली, यावर डॉक्टर मंडळी म्हणतील की आम्हाला वेळ नाही. ऑपरेशननंतरच्या पहिल्या भेटीत ते खरंही आहे. टाके काढायचे असतात, माणूस अजून गुंगीत असतो. पण ब्लॉकचा पूर्ण निकाल साधारण शेक सुरू होण्याच्या सुमारास हाती येतो, आणि शेकासाठी तोच माणूस सहा आठवडे, तीस वेळा, त्याच दारातून आत येतो. तंत्रज्ञ त्याला नावाने ओळखायला लागतात, समाजसेवा अधीक्षकांचं टेबल पलीकडेच असतं. त्या तिसांपैकी एका दिवशी, शेकासाठी डोकं स्थिर धरणारा मुखवटा बसवण्याआधी, अण्णांना विचारता येईल.